ताप तीन दिवसांचा, थकवा मुक्कामाला

ताई,
मी ३६ वर्षांची आहे. विमा कंपनीत क्लेमच्या फायली तपासते. नऊ आठवड्यांपूर्वी मला व्हायरल झाला. तीन दिवस ताप, घसा, अंगदुखी, बस्स. सहाव्या दिवशी कामावर हजर झाले. पण तेव्हापासून एक दिवसही पहिल्यासारखं वाटलेलं नाही. दुपारी तीननंतर एकच ओळ तीनदा वाचली तरी डोक्यात शिरत नाही. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबावं लागतं आणि कुणी आलं की मी मोबाइल काढून मेसेज वाचत असल्याचं दाखवते. मागच्या गुरुवारी फार दिवसांनी बरं वाटलं, म्हणून रात्री आठपर्यंत बसून साठलेल्या फायली संपवल्या, घरी येऊन कपाटही आवरलं. शनिवारी मात्र अंथरुणातून उठवेना. नवरा म्हणतो, रिपोर्ट तर नॉर्मल आहेत. साहेब म्हणतात, साधा ताप तर होता. आता मलाच शंका येते, मी सोंग करतेय का? की नोकरी सोडून देऊ?
– दमलेली

प्रिय दमलेली,

नाही, तू सोंग करत नाहीस. सोंग करणारा माणूस दुखणं दाखवतो. तू तर जिन्यात उभी राहून ते लपवतेयस.

तुझ्या पत्रातला गुरुवार आणि शनिवार मी पुन्हा पुन्हा वाचला. गुरुवारी तू रात्री आठपर्यंत बसलीस, वर कपाट आवरलंस आणि शनिवारी सकाळी आडवी झालीस. मध्ये एक अख्खा दिवस गेला, म्हणून तुला या दोन गोष्टींचा संबंध दिसला नाही. पण हे असंच होतं. विषाणूच्या आजारानंतर रेंगाळणाऱ्या थकव्यात काही जणांना श्रमाचा फटका लगेच बसत नाही, साधारण १२ ते ४८ तासांनी बसतो आणि मग दिवसचे दिवस उतरत नाही. श्रम म्हणजे नुसती धावपळ नव्हे. चार तास बारीक अक्षरातली कागदपत्रं तपासणं हेही श्रमच, आणि घरात कुणाशी झालेली वादावादीसुद्धा. बरं वाटतंय त्या दिवशी माणूस साठलेलं सगळं उरकायला जातो, दोन दिवसांनी कोसळतो, जरा सावरला की पुन्हा तेच. या रहाटगाडग्यात महिने जातात. मी स्वतः एकदा असंच दुखणं अंगावर काढलं होतं. उसनं अवसान आणून रोज हजेरी लावली आणि जे कदाचित महिन्याभरात निभावलं असतं ते वर्षभर पुरवलं. त्यामुळे तुला हे सांगताना माझा जीव तुटतो.

एक वही कर. रोज तीनच ओळी: आज काय काय केलं, झोप कशी झाली, आत्ता कसं वाटतंय. आणि जास्त काही केलंस की दोन दिवस पुढे जाऊन त्या पानावर खूण कर. आज झेपलं का, हा प्रश्नच चुकीचा आहे. परवा कसं वाटलं, ते विचार. दोन-तीन आठवड्यांत तुला तुझी रेघ दिसायला लागेल, म्हणजे किती तास बसलं की परवाचा दिवस हातचा जातो ते. त्या रेघेच्या अलीकडे थांबायचं, बरं वाटत असलं तरी. खरं सांगते, वाईट दिवशी विश्रांती घेणं सोपं असतं, चांगल्या दिवशी हात आवरता घेणं फार अवघड. आणि विश्रांती म्हणजे मोबाइल घेऊन लोळणं नव्हे. दमायच्या आधीच वीस मिनिटं डोळे मिटून आडवं व्हायचं.

कुणी ‘जिमला जा, ताकद येईल’ म्हणालं तर आत्ता ऐकू नकोस. ज्यांना श्रमानंतर असा उशिरा फटका बसत नाही त्यांनी हळूहळू चालणं वाढवावं, त्यांना त्याचा उपयोगच होतो. तुझं तसं नाही. दीर्घ थकव्याच्या आजारात ठरलेल्या वेळापत्रकानं व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार पूर्वी सर्रास सांगितला जायचा. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनं २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत तो देऊ नये असं स्पष्ट म्हटलं. तुला तो आजार आहे असं मी म्हणत नाही, नऊ आठवड्यांत तसं कुणी म्हणूही नये. पण ढकलून बरं होता येत नाही, एवढा धडा त्यातून घ्यायचा.

आता ‘साधा ताप’. तुझी तपासणी तेव्हा झाली नव्हती असं दिसतं, त्यामुळे विषाणू कोणता होता हे आता कळणं कठीण. ऑस्ट्रेलियात डबो या गावाच्या परिसरात तीन वेगवेगळ्या संसर्गांनी आजारी पडलेल्या २५३ जणांचा डॉक्टरांनी पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनीही २९ जण, म्हणजे सुमारे १२ टक्के, थकव्यातून बाहेर आलेले नव्हते. जंतू वेगळे, थकवा मात्र सारखा. आणि कुणाचा थकवा लांबेल हे त्याच्या स्वभावावरून किंवा मनाच्या कमकुवतपणावरून ठरत नव्हतं, मूळ दुखणं किती जोराचं होतं यावरून बऱ्याच अंशी ठरत होतं. म्हणजे जोराचा आजार असेल तर शक्यता जास्त, हे खरं. पण सौम्य आजारात ती शून्य होत नाही. कोविडनं हे सगळ्या जगाला दाखवलं. हॉस्पिटलची पायरीही न चढलेले कितीतरी लोक महिनोन्‌महिने दमलेले राहिले. ‘लाँग कोविड’ हे नावसुद्धा डॉक्टरांनी दिलेलं नाही, २०२० मध्ये रुग्णांनीच ते रूढ केलं, कारण त्यांनाही ‘साधाच तर होता’ हेच ऐकवलं जात होतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची व्याख्या सांगते की संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी त्रास असेल, तो किमान दोन महिने टिकला असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर तसं म्हणावं. तू अजून त्या उंबरठ्याच्या अलीकडे आहेस. बहुतेक माणसं या काळात हळूहळू सावरतात. तेव्हा नाव चिकटवायची घाई नको, आणि दुर्लक्षही नको.

नवऱ्याला सांग, नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘काही झालेलं नाही’ असा होत नाही. ज्या गोष्टी तपासल्या त्या ठीक आहेत, एवढाच होतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२, साखर हे सगळं झालंय का बघ, कारण यातलं काही कमी-जास्त असेल तर ते लवकर सुधारता येतं. जिन्यात दम लागतो म्हणून ईसीजी करून घे. घरी एक साधी गोष्ट करता येईल, कुणी शेजारी असताना. दहा मिनिटं शांत पडून नाडी मोज, मग उभी राहा आणि दहा मिनिटं दर दोन मिनिटांनी मोज. उभं राहिल्यावर नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल, तर आकडे लिहून डॉक्टरांना दाखव. त्याला नाव आहे, आणि त्यावर उपाय आहेत. डॉक्टर मनाबद्दल विचारतील तेव्हा रागावू नकोस. दोन-दोन महिने अंगात त्राण नसेल तर मनही खचतं, आणि त्यासाठीही मदत घेता येते. पण बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, एका पायाला सूज आली किंवा ओठ निळसर वाटले, तर वही-बिही बाजूला ठेव आणि लगेच दवाखान्यात जा.

आणि नोकरी. राजीनाम्याचा विचार तुझ्या मनात कोणत्या दिवशी आला? मला वाटतं, शनिवारी. अंथरुणात पडल्या पडल्या असले निर्णय घ्यायचे नसतात. पूर्ण हजेरी आणि राजीनामा यांच्यामध्ये बरीच जागा आहे, ती साहेबांकडे माग. ‘मला बरं वाटत नाही’ असं म्हणशील तर ते ‘काळजी घ्या’ म्हणतील आणि विषय संपेल. नेमकं काय हवं ते सांग. मी तुझ्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

‘विषाणूच्या संसर्गानंतरचा थकवा अजून आहे, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. पुढचे सहा आठवडे मला सकाळी चार तास काम करता येईल. किचकट क्लेम मी त्या वेळेत तपासेन. बुधवारी शक्यतो घरून काम करू द्यावं. तोंडी दिलेल्या सूचना कृपया मेलवरही पाठवाव्यात. दर दोन आठवड्यांनी आपण आढावा घेऊ.’

बुधवार मुद्दाम घातलाय. सलग पाच दिवस प्रवास आणि जिना करण्यापेक्षा मध्ये एक खंड पडला की अंग सावरायला वेळ मिळतो. सूचना लेखी मागितल्या, कारण डोकं जड असताना ऐकलेलं निसटतं आणि मग आपणच चुकलो असं वाटत राहतं. तास वाढवायचे ते एकेक करून आणि दोन आठवडे वही काय म्हणते ते बघूनच. तास वाढवलेस त्याच आठवड्यात घरातली राहिलेली कामं काढू नकोस. त्यात कपाटही आलं.

चिठ्ठी मिळाली की हे पत्र त्याच दिवशी साहेबांना दे. आणि जिन्यात थांबशील तेव्हा मोबाइल काढू नकोस. कठडा धरून श्वास नीट होईपर्यंत उभी राहा. कुणी विचारलं तर सांग, ‘आजारातून उठतेय, जरा थांबलेय.’

सहा आठवड्यांनी मला पुन्हा लिही, वहीतली पानं सोबत पाठव.

– ताई