नाशिकमध्ये फोन घ्यायचाय: १२ हजारांचा घेऊ की १९ हजारांचा?

१९ हजारांचा घ्या, पण त्याला किमान ५ वर्षं अपडेट मिळणार असतील तरच. किंमत वापराच्या वर्षांनी भागून बघा: १२ हजारांचा दोन वर्षांत बदलावा लागला तर वर्षाला ६,००० पडतात, १९ हजारांचा पाच वर्षं चालला तर ३,८००. सॅमसंगने २०२४ च्या गॅलॅक्सी ए१६ ५जीला ६ वर्षांचे अपडेट जाहीर केलेत. मी एम. जी. रोडवर दुरुस्तीला बसतो. स्वस्तातले फोन माझ्याकडे येतात ते बहुतेक स्टोरेज गच्च भरून, व्हॉट्सॲपसुद्धा उघडेना अशा अवस्थेत. म्हणून ६४ जीबी घेऊच नका. फोन हातातून सारखा पडत असेल तर मात्र १२ हजारांचाच बरा. एक डिस्प्ले बदलला की हा सगळा हिशेब फिसकटतो.