ग्रुपवर कुणाबद्दल बोलतोय आणि तो ग्रुपवर आहे का?

प्रश्न : आमच्या गावच्या ग्रुपवर परवा एक व्हॉइस नोट आली. "पोरं पळवणारी टोळी आपल्या तालुक्यात आलीय, बायका भीक मागायच्या निमित्ताने घरं बघून जातात, सगळ्यांना पाठवा." मी फक्त विचारलं की कुठल्या गावात झालं, तर एक जण म्हणाला, "तुझं पोरगं गेलं की कळेल." बरं हे सगळे चांगले शिकलेले लोक आहेत, एक तर मास्तर आहेत. यांना कळत नाही का? (एक वाचक, निफाड तालुका)

कळतं हो, चांगलं कळतं. तिथेच तर गोची आहे. मास्तरांना एकट्याला गाठून विचारा, ते म्हणतील "मलापण शंकाच होती." मग पाठवलं कशाला? तर हिशोब असा असतो की खोटं निघालं तर आपलं काय गेलं, आणि खरं निघालं तर एखाद्याचं पोर वाचेल. ऐकायला एकदम बिनतोड वाटतं ना? फक्त या हिशोबात एक माणूस धरलेलाच नाही, ज्याच्याबद्दल हा मेसेज आहे तो. ती भीक मागणारी बाई तुमच्या ग्रुपवर नाहीये. खोटं निघालं तर जे जायचं ते तिचं जाणार.

राईनपाडा आठवतं का? धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. पिढ्यान्पिढ्या गावोगाव फिरून भिक्षुकी करणारी ही माणसं. त्याआधी कित्येक दिवस त्या भागात मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. बाजारात कुणाला तरी संशय आला, जमाव जमला, त्यांना ओढत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे पाचही जणांना मारून टाकलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत, म्हणजे जिथे गावाने बसून चार गोष्टी विचारायच्या असतात त्याच जागेत. आणि लोक त्याचं शूटिंग करत होते. २०२४ मध्ये धुळ्याच्या कोर्टाने सात जणांना जन्मठेप दिली. मेसेज पाठवणारे मात्र कितीतरी होते आणि ते सगळे आपापल्या घरी, कारण त्यांनी तर फक्त "काळजीपोटी" पाठवलं होतं.

त्या काळात देशभर जो एक व्हिडिओ फिरत होता त्याची गोष्ट तर अजून भारी आहे. बाईकवर दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं पोर उचलतात आणि पळतात, बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. तो व्हिडिओ कराचीचा होता, मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी बनवलेला. मूळ फिल्ममध्ये ते दोघं परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि एक फलक दाखवतात की बघा, मूल पळवायला किती कमी वेळ लागतो, लक्ष ठेवा. आपल्याकडे आला तेव्हा फलकाचा भाग कापलेला होता. बस, एवढंच केलं कुणीतरी. खोटं काही घुसडलंच नाही, शेवट तेवढा काढला.

आता तुमच्या व्हॉइस नोटबद्दल. २०१८ च्या जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, नंतर २०२० मध्ये खूप फिरलेला, दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. त्याने फरक पडला, नाही असं नाही. पण कुणी तेच वाक्य स्वतःच्या आवाजात नव्याने रेकॉर्ड केलं की बाण नाही, मर्यादा नाही, आणि वर आपल्याकडची बोली! "आरं भावा ऐक, आत्ताच कळलं" असं कुणी आपल्यासारखं बोललं की पुरावा मागायचं सुचतच नाही.

काय करायचं? ग्रुपवर "हे फेक आहे" असं लिहू नका, उपयोग होत नाही, माणूस अजून हट्टाला पेटतो. पोलीस पाटलांना फोन करा आणि त्यांनाच ग्रुपवर बोलायला लावा, नाव घेऊन, "मी पोलीस ठाण्यात विचारलं, अशी तक्रार नाही." आणि गावात भिक्षेकरी, भंगारवाले, मेंढपाळ, ऊसतोड टोळीची माणसं येतात त्यांना कोण ओळखतं ते आत्ताच शोधून ठेवा, गर्दी जमल्यावर कुणी शोधत नाही.

प्रश्न : सगळं खापर मोबाईलवर फोडायची फॅशन आलीय. १८९३ साली मुंबईत दंगल झाली तेव्हा कुणाकडे व्हॉट्सॲप होतं? (एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव)

मुद्दा मान्य काका, अगदी मान्य. १८९३ ला काठेवाडात प्रभासपाटणला दंगा झाला, त्याच्या बातम्या मुंबईत आल्या, सभा झाल्या, त्यावर बोलणं वाढत गेलं आणि ऑगस्टमध्ये मुंबई पेटली. शंभर वर्षांनी, बाबरी मशीद पडल्यानंतरच्या दंगलींत, जानेवारी १९९३ मध्ये, मोबाईल नव्हताच, तरी समुद्रातून हत्यारं येणार म्हणून मुंबईत लोक किनाऱ्यावर रात्ररात्र पहारा देत होते. अफवेला चार्जिंग लागत नाही.

पण मग मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारतो. त्याच डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये भिवंडी का पेटली नाही? भिवंडी म्हणजे काय साधं गाव नाही, १९७० ला तिथे मोठी दंगल, १९८४ ला पुन्हा, ८४ ची तर मुंबई-ठाण्यापर्यंत पसरली आणि दोनशेच्या वर माणसं गेली. सगळे म्हणत होते आता भिवंडी बघा. आणि भिवंडी शांत राहिली.

त्याचं बरंचसं श्रेय मोहल्ला कमिट्यांना जातं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले, त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात कमिट्या उभ्या केल्या, हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसं, नुसते झेंडे घेऊन फिरणारे पुढारी नाहीत तर यंत्रमागवाले, दुकानदार, रोजची साधी माणसं, आणि सोबत त्या भागातला पोलीस. माझ्या मते खरी गंमत अशी की या बैठका दंगल झाल्यावर शांतता-शांतता करायला नव्हत्या. काहीच झालेलं नसताना बसायचं, मोहल्ल्यातली बारकीसारीक भांडणं तिथेच मिटवायची. (शांतता समितीची बैठक आपण सगळ्यांनी पाहिलीय, सणाच्या आधी एकदा, चहा-बिस्कीट आणि फोटो. ते वेगळं, हे वेगळं.) ९२ येईपर्यंत खोपडे बदलून गेले होते पण कमिट्या चालू राहिल्या. तोवर चार वर्षं एकमेकांसमोर बसलेली माणसं होती, "तिकडे अमुक झालं म्हणे" असं कानावर आलं तर तिकडच्याच माणसाला विचारता येत होतं. तो समोर बसलेला असताना "ते लोक असेच" हे वाक्य तोंडातून निघणं जरा अवघड जातं बघा.

म्हणून मोबाईलवर माझा राग एवढाच की आपले ग्रुप एकाच आळीचे, एकाच जातीचे, एकाच पक्षाचे झालेत. पूर्वी एसटीच्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर, पारावर आपल्याला नको असलेला माणूसही शेजारी बसायचा, इलाज नव्हता. ग्रुपमध्ये त्याला घेतच नाही, आणि आला तर रिमूव्ह.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सात-आठ जण एकाच पद्धतीचं राजकीय आणि धार्मिक काहीतरी टाकतात. मला पटत नाही पण मी गप्प बसते. कधीकधी वाटतं आपणच वेगळे आहोत, बाकी सगळ्यांना हेच पटतंय. (एक वाचक, ठाणे)

ताई, ग्रुपमध्ये किती मेंबर आहेत ते बघा. दीडशे-दोनशे तरी असतील. त्यातले सात-आठ बोलतात, चार-पाच जण हात जोडलेला इमोजी टाकतात, उरलेले सगळे तुमच्यासारखेच गप्प आणि प्रत्येकाला वाटतंय बाकीच्यांना पटतंय. जर्मनीच्या एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये नेमकं यावरच लिहिलं होतं, की आपलं मत कमी लोकांचं आहे असं वाटलं की माणूस एकटं पडायच्या भीतीने गप्प होतो, तो गप्प झाला की त्याचं मत अजूनच कमी लोकांचं दिसतं, मग अजून कुणीतरी गप्प होतो. सोसायटीचं मत म्हणून जे दिसतं ते कितीदा तरी सकाळी लवकर उठणाऱ्यांचं मत असतं!

पालघरच्या वेळी हे मोठ्या प्रमाणावर झालं. एप्रिल २०२०, लॉकडाऊन, गडचिंचले गावात चोर आणि पोरं पळवणारे फिरतायत अशा अफवेतून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला पोलिसांच्या समोर मारलं. भयंकर घटना, पण मग दोन दिवसांत त्याला हिंदू-मुस्लिम रंग देऊन टाकला, शेवटी राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुस्लिम नाही. म्हणजे अफवेने तीन माणसं मारली आणि त्यांच्या मरणावर लगेच दुसरी अफवा उभी राहिली. त्या आठवड्यात किती ग्रुपवर किती जणांना शंका आली असेल आणि ते गप्प बसले असतील.

तुम्ही ग्रुपवर वाद घालायला जाऊ नका, तिथे हरणारच, कारण वाद घालायला त्यांच्याकडे वेळ जास्त आहे. लिफ्टमध्ये, भाजी घेताना, दोघी-तिघींशी बोला, "मला ते सकाळचे मेसेज नको वाटतात, तुम्हाला?" मग तिघींनी मिळून सेक्रेटरींना सांगा की सोसायटीच्या ग्रुपवर पाणी, लिफ्ट, मेंटेनन्स एवढंच हवं. एकटीने सांगू नका.

प्रश्न : मी ॲडमिन आहे. कुणी भडकाऊ टाकलं तर मी आत जाईन का? (एक वाचक, अकोला)

निव्वळ ॲडमिन आहात म्हणून नाही. गोंदियाच्या एका केसमध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की मेंबरने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार होत नाही, दोघांचा मिळून तसा इरादा होता हे दाखवावं लागेल. पण तुम्हीच "शाब्बास, पसरवा" असं लिहिलं तर मग ॲडमिन आहात की नाही हा प्रश्नच उरत नाही. रात्री-अपरात्री काही भडकलंच तर "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील" हे सेटिंग लावून टाका, शिव्या खाव्या लागतील दोन दिवस, खा.