चार तिकिटं आणि दोन आज्या

मार्च-एप्रिल आला की सल्ला घ्यायला येणाऱ्यांकडून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो, आणि आजकाल इंदूरात प्रत्येक दुसऱ्या मराठी घरातलं कोणी ना कोणी बाहेर असल्यामुळे जरा जास्तच येतो: "नातवाच्या ग्रॅज्युएशनला अमेरिकेत बोलावलंय हो, पण तो आमच्याशी धड बोलत पण नाही, आम्ही तिथे जाऊन करायचं काय?" यावर मी एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काकू बहात्तरच्या, इंदूरच्या रामबागेत एकट्या राहतात, मुलगा न्यू जर्सीत. सून पुण्याची, आणि ती काकूंच्या "करून राहिलेय, जाऊन राहिलेय" वर हसते हा एक जुना सल आहेच (आम्हा इंदूरवाल्यांची मराठी होळकरांच्या काळापासून इथे हिंदीच्या शेजारात वाढली, तिला पुण्याचं सर्टिफिकेट कशाला हवंय, पण ते असो).

आधी मलाच वाटलं होतं की ग्रॅज्युएशन म्हणजे डिग्री. तर नाही, बारावी! तिथे नववी ते बारावी हायस्कूल, ते संपलं की गाऊन घालायचा, गोंडेवाली चौकोनी टोपी घालायची, स्टेजवर एकेकाचं नाव पुकारतात, आणि शेवटी सगळी पोरं गोंडा उजवीकडून डावीकडे करून टोप्या उडवतात. काकू म्हणाल्या, "बारावीच ना? आपल्याकडे रिझल्ट लागला की पेढे वाटले, संपलं."

पण जायचं तर होतंच. डिंकाचे लाडू, लवंगी सेव, खजराण्याच्या गणपतीचा प्रसाद, सगळी यादी तयार. आणि मग मुलाचा फोन आला की शाळा घरटी चारच तिकिटं देते. मुलगा, सून, धाकटी नात, हे झाले तीन. चौथं एक, आणि आज्या दोन, कारण विहीणबाई पण पुण्याहून येणार होत्या. मुलगा म्हणाला, "आई, बघू काहीतरी. नाहीतर घरून लाईव्ह दिसतं."

काकू माझ्यासमोर बसून अक्षरशः थरथरत होत्या. "इतक्या लांब जाऊन मी टीव्हीवर बघू? मग रामबागेतूनच बघते ना!"

इथे माझी चूक झाली. मी म्हणाले, काकू, शाळेचा नियम आहे, मुलाची पण अडचण समजून घ्या. म्हणजे आयुष्यभर ज्यांनी फक्त समजूनच घेतलं त्यांना मी फी घेऊन तेच सांगितलं. पुढचे दोन आठवडे काकू आल्याच नाहीत, आणि बरोबर केलं त्यांनी.

तिसऱ्या आठवड्यात आल्या तेव्हा मी तिकिटाचा विषयच काढला नाही. विचारलं, तुमचा मुलगा घरातून पहिल्यांदा कधी गेला? म्हणाल्या, १९९५, इंजिनिअरिंगला मुंबईला, अवंतिका एक्सप्रेसनी. सामानात लाडवांचा डबा दिला होता, तो पठ्ठ्या स्टेशनवरच विसरला, काकांनी चालत्या गाडीमागे पळून खिडकीतून दिला. घरी आल्यावर काकूंनी त्याची गादी दोन दिवस उचलली नाही, सासूबाई ओरडल्या तरी नाही. हे सांगताना त्या मधेच थांबल्या, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "म्हणजे आता त्याची पाळी आली म्हणायची."

मला जे सांगायचं होतं ते त्यांनीच सांगून टाकलं. टोप्या उडवतात, फोटो काढतात, पण त्या घरात चाललेलं असतं ते हेच, ऑगस्टच्या शेवटी पोरगं कॉलेजच्या हॉस्टेलला जाणार आणि मग फक्त सुट्टीत घरी येणार. त्यामुळे आईबाप त्या दिवसांत चिडचिडे असतात, फोनवर तुटक बोलतात, तिकिटाचं धड सांगत नाहीत. आणि आज्यांना वाटतं आपणच नकोशा झालोय.

मग दोन गोष्टी ठरल्या. एक, मुलाला सरळ सांगायचं, रुसून नाही आणि "मला काय, मी कुठेही बसेन" असं तर अजिबात नाही. काकूंनी फोन केला, "मला आत बसून बघायचंय, जमलं नाही तर वाईट वाटेल, पण तुझ्यावर राग नाही." मुलगा जरा वेळ गप्पच, मग म्हणाला, "मला तुला सांगायचीच हिंमत होत नव्हती गं." पुढे नातवानीच कोणा मित्राकडचं उरलेलं तिकीट आणलं. दुसरी गोष्ट परतीच्या तारखेची. काकू फंक्शननंतर चार दिवसांनी परत येणार होत्या. मी म्हटलं, ग्रॅज्युएशनच्या आठवड्यात नातवाशी गप्पा मारायला जाणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरीशी गप्पा मारायला जाण्यासारखं आहे, तेव्हा त्याला पार्ट्या, मित्र, शंभर भानगडी. तो मोकळा होतो जुलैत. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहू देतात, तर औषधं आणि इन्शुरन्स तेवढ्या दिवसांचं घ्या आणि सप्टेंबरचं रिटर्न काढा.

आता गंमत ऐका. कार्यक्रम मैदानावर होता, आणि पाऊस आला तर आतल्या हॉलमध्ये, मग घरटी दोनच जण. आला ना पाऊस! दोघी आज्या सोफ्यावर, मधे लाडवांचा डबा, आणि नातवाचं नाव यायच्या नेमक्या वेळी लाईव्ह अडकलं. चालू झालं तेव्हा तो स्टेजवरून उतरत होता. काकू मला फोनवर सांगताना इतक्या हसत होत्या की मला कळेचना यात सल्ला माझा कुठे कामी आला. त्या दिवसापासून विहीणबाई पण "करून राहिलेय" म्हणायला लागल्यात म्हणे, चिडवायला की काय देव जाणे.

नातू जुलैत बोलायला लागला, फार नाही. गाडी चालवायची हौस, आजी शेजारच्या सीटवर, तो इंग्लिशमध्ये, ही इंदुरीत. काकूंना तेवढं पुरलं. खरं काम निघालं ऑगस्टमध्ये. त्याला हॉस्टेलला सोडून सगळे परत आले, वाटेत मुलगा एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सून नातवाच्या खोलीतली चादर धुवायला काढत होती.

काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "राहू दे गं दोन दिवस."