‘फक्त’ साठ दिवस

प्रश्न : ताई, मी एका कंपनीत वर्षभर कंत्राटावर काम करते आहे. मुदत या महिनाअखेर संपते. आमच्या मॅनेजरांनी वरच्यांशी भांडून मला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळवून दिली. पण दोन महिन्यांपासून मी कायमची नोकरी शोधते आहे. एका ठिकाणी दुसरी फेरी झाली, दुसरीकडे येत्या बुधवारी पहिली मुलाखत आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू का? आणि सही करून महिन्याभरात निघाले, तर मॅनेजरांना तोंड कसं दाखवू? विश्वासघातच की तो. कागद जवळपास पूर्वीचेच आहेत, फक्त नोटीस १५ दिवसांची ६० केली आहे. शुक्रवारपर्यंत सही द्यायची आहे.
— तळ्यात-मळ्यात

उत्तर : अहो, त्या ‘फक्त’वर एकदा बोट ठेवा. झोप उडायचीच असेल तर ती मॅनेजरांपायी नको, त्या साठ दिवसांपायी उडू दे.

सहा महिन्यांच्या कंत्राटाला साठ दिवसांची नोटीस, म्हणजे एक तृतीयांश मुदत नोटिशीतच गेली. चौथा महिना संपला की राजीनामा देऊन उपयोग नाही, कारण नोटीस संपेल त्या दिवशी कंत्राटही संपलेलं असेल. दुसऱ्या फेरीवाल्यांनी सहीनंतर दहा दिवसांनी होकार कळवला, तर जुन्या अटीवर तुम्ही पंचविसाव्या दिवशी तिथे रुजू होता, नव्या अटीवर सत्तराव्या. कंत्राटी माणूस लवकर येऊ शकतो, ही त्याची मुलाखतीतली मोठी जमेची बाजू. ‘किती दिवसांत याल?’ हे त्यांनी तुम्हाला विचारलं असणार, आणि तुम्ही पंधरा दिवस सांगितलं असणार. शुक्रवारी सही केलीत की ते उत्तर खोटं ठरतं.

आता कंत्राट संपवण्याचं कलम काढा आणि पाहा, तुम्हाला काढायचं झालं तर कंपनीला किती दिवस आधी सांगावं लागतं. तिथेही साठ असेल तर निदान व्यवहार बरोबरीचा आहे. तिथे सात किंवा पंधराच राहिले असतील, तर तुम्ही दोन महिने बांधलेल्या आणि कंपनी आठवड्या-पंधरवड्यात मोकळी. त्याच पानावर ‘नोटीस कमी पडल्यास तेवढ्या दिवसांची रक्कम कापली जाईल’ अशी ओळ आहे का, तेही बघा. शेवटचं बिल अडतं ते बहुधा तिथेच.

विश्वासघाताचं म्हणाल, तर नोटिशीचं कलम असतंच मुळी त्यासाठी. दोघांनी आधी मान्य केलेला बाहेर पडायचा रस्ता आहे तो. मॅनेजर भांडले, चांगलं केलं. एकदा आभार माना आणि तो विषय सोडा. उद्या बजेट कापलं गेलं तर तेच ‘माझ्या हातात नव्हतं हो’ म्हणतील, आणि खरंच नसेल.

तेव्हा आज बसून मेल लिहा. एचआरला, मॅनेजरांना प्रत. फोनवर नाही, चहा पिता पिता नाही. मजकूर एवढाच : ‘मुदतवाढ मला मान्य आहे. मूळ कंत्राटातली दोन्ही बाजूंची नोटीस आहे तशीच ठेवून सुधारित प्रत पाठवावी, म्हणजे शुक्रवारपर्यंत सही करून देते.’ कारण लिहू नका. नोकरी शोधताय हा तर शब्दही नको. कुणी खोदून विचारलंच, तर ‘पूर्वीच्याच अटींवर काम सुरू ठेवायला मी तयार आहे’ हे उत्तर पुरे, आणि ते खरंही आहे.

आजच का? काम अर्धं असणार म्हणूनच मुदतवाढ आली आहे, आणि नवा माणूस आणून त्याला शिकवण्याइतका वेळ महिनाअखेरपर्यंत त्यांच्याकडेही नाही. सही झाल्यावर तुमच्याकडे बोलायला काही उरणार नाही.

‘पॉलिसी आहे’ असं उत्तर येईल. मुदतवाढ म्हणजे खरं तर एका पानाचं पत्र : संपण्याची नवी तारीख आणि ‘बाकी अटी पूर्ववत’. तेच मागा. त्यांनी अख्खं नवं कंत्राट पुढे केलं असेल, तर मुदतवाढीच्या नावाखाली तो नवा सौदा आहे. मग जुनं शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. दर, बिल किती दिवसांत चुकतं, आणि सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करायला बंदी घातली आहे का, या तीन जागा आधी. ‘सही करा हो, आम्ही काही अडवणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर तेच वाक्य मेलवर मागा. तडजोड तीस दिवसांवर, दोन्ही बाजूंना सारखी. त्यापुढे नाही.

आणि कागद लटकला, तर पुढच्या एक तारखेला ‘होईल हो’वर कामाला बसू नका. मुदत संपलेल्या कंत्राटावरचं बिल हिशेब खात्यात सहसा पास होत नाही. मग महिनोन्‌महिने तुम्हीच फोन करत बसाल.

दुसऱ्या फेरीवाल्यांनाही आजच दोन ओळी टाका : ‘सध्याच्या मुदतवाढीवर मला शुक्रवारी सही करायची आहे, त्याआधी आपला निर्णय कळू शकेल का?’ यात खोटं काही नाही, आणि रेंगाळलेली फाइल बऱ्याचदा अशा दोन ओळींनीच हलते.

बुधवारच्या मुलाखतीत ‘किती दिवसांत याल?’ हा प्रश्न येणारच आहे. एचआरचं उत्तर त्याआधी तुमच्या हातात हवं.