नवीन एमटीबी (माउंटन बाईक, म्हणजे कच्च्या डोंगरवाटांवर चालवायची सायकल) घेतली का भाऊ, मग आधी हे वाच

अभिनंदन! पण फावडं घेऊन नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर जंप (उडी मारायचे मातीचे उंचवटे) बनवायला निघू नको बाप्पा, ती वनखात्याची जागा आहे, आणि गोरेवाड्याच्या जंगलात तर बिबटे आहेत, तिथे आत घुसून सायकलिंग म्हणजे नसता उपद्व्याप. अंबाझरीच्या बायोडायव्हर्सिटी पार्कमध्ये सायकल चालवता येते, सुरुवात तिथूनच कर, पण आखलेल्या रस्त्यावरूनच.

पावसाळ्यात काळ्या मातीत बिलकुल जायचं नाही. टायर गच्च भरतो ते सोड, पण तू जो चर पाडतो त्यातूनच पुढचं पाणी धावते आणि मग लोक चिखल टाळायला बाजूच्या गवतातून जातात, असं करत करत हातभर वाट बैलगाडीएवढी रुंद होते. मुरमाच्या चढावर पाणी लवकर निथळते, तिकडे जा. उन्हाळ्यात उघड्या माळावर टिटवी जमिनीवरच अंडी घालते, डोक्यावर येऊन ओरडायला लागली की तिथूनच वळायचं.

आणि ट्रेलची, म्हणजे सायकलसाठी आखलेल्या कच्च्या वाटेची, मागणी करायची असेल तर नुसतं ‘आम्हाला ट्रॅक द्या’ म्हणून कोणी देत नाही. ट्रेल उतारावर सरळ खाली नाही, आडवा काढायचा, त्याचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी आणि सरासरी 10 टक्क्यांच्या आत, म्हणजे पाणी ट्रेलवरून वाहत न जाता आडवं निघून जाते. जंप, पंपट्रॅक (पॅडल न मारता अंग खाली-वर करून चालवायचा उंचवट्यांचा ट्रॅक) वगैरे शहरातल्या पडीक मैदानावर मागा, झाडोऱ्यात काहून पाहिजे? सकाळी फिरणारे काका-काकू आणि पक्षीवाले, दोघांनाही आधीच सोबत घ्या, नाहीतर पहिला विरोध त्यांचाच येईल.

हो, बेल लावून घे सायकलला.