दहा वाजता ओपीडीत जाऊन बस

बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझी डेंटल कॉलेजांच्या पसंतीक्रमाची यादी मिळाली. दोनदा वाचली आणि खरं सांगते, वैतागले. प्रत्येक कॉलेजपुढे तू हॉस्टेल, मेस, घरापासूनचं अंतर, मागच्या वर्षीचा कटऑफ असं सगळं नीट लिहिलं आहेस. सकाळी दहा वाजता केसपेपरच्या खिडकीपुढे किती माणसं उभी असतात, ते मात्र एकाही कॉलेजपुढे नाही. दातांची डॉक्टर व्हायला निघालीस ना? मग शिकणार कोणाच्या तोंडात?

मामा म्हणतो ड्रॉप घे, पुढच्या वर्षी एमबीबीएस मिळेल. बाबांना घरापासून अर्ध्या तासावरचं कॉलेज हवंय. मैत्रीण पुण्याला चालली म्हणून तुला पुणं हवंय. मामाचं मी एका वाक्यात संपवते: तू शाळेत असताना माझ्या क्लिनिकमध्ये स्टुलावर बसून अख्खं रूट कॅनॉल बघितलं होतंस, पापणी न लववता, आणि एमबीबीएसचं नाव तेव्हाही काढलं नव्हतंस, आजच्या मेसेजमध्येही नाही. उरलेल्या दोन गोष्टींना माझं एकच उत्तर आहे. ओपीडी बघ.

पहिली दोन वर्षं कुठेही गेलीस तरी साधारण सारखीच जातात. मेणाचे ठोकळे कोरून दात घडवशील, प्लास्टर घोटशील, फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर, एअर रोटर (दात कोरायचं यंत्र) धरायला शिकशील. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांचा लेखी पेपरसुद्धा एकच असतो. पुस्तकं तीच, प्रश्न तेच. खरा फरक तिसऱ्या वर्षी क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालं की पडायला लागतो. शेवटच्या वर्षाचे आठ विषय आणि इंटर्नशिपचं वर्ष, सगळं समोरच्या खुर्चीत कोण बसलंय यावर चालतं. कोणीच बसलेलं नसेल तर चकाचक खुर्ची काय शिकवणार?

खालची दाढ काढायचंच घे. आधी ब्लॉक द्यायचा, म्हणजे जबडा बधीर करायचं इंजेक्शन. सुई आत नेताना हाडाला टेकली पाहिजे, टेकली की किंचित मागे घ्यायची, अ‍ॅस्पिरेट करायचं (दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं), मग सावकाश औषध सोडायचं. पुस्तकात हे चार ओळींत येतं. प्रत्यक्षात ओठ बधीर झाला का विचारलं की पेशंट मान हलवतो आणि फोर्सेप्स (दात काढायचा चिमटा) लावले की किंचाळतो. कुठे चुकलं ते सर सांगतात, पण कळत नाही. बरेच ब्लॉक देऊन झाले की एक दिवस कळतं, आणि मग पुन्हा विसरत नाही. पुढे दाढ ओढायची नसते. गालाकडे, जिभेकडे, पुन्हा गालाकडे असं हलवत हाडाला जागा करायला लावायची. एका क्षणी हाड सोडतं. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, मनगटाला कळतो. रूट कॅनॉलचंही तेच. बर, म्हणजे कोरायचं टोक, दाताच्या आतल्या पोकळीत उतरला हे बोटांना जाणवतं. वरच्या पहिल्या दाढेत गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा आणखी एक कॅनॉल लपलेला असतो. तो शोधायची सवय व्हिडिओ बघून लागत नाही, दाढांवर दाढा उघडून लागते. आणि त्यासाठी दाढा घेऊन माणसं यावी लागतात. म्हणून म्हणते, ओपीडी बघ.

मी नागपूरला सरकारी कॉलेजात शिकले. आमच्या ओपीडीत विशी-पंचविशीतली पोरं यायची, त्यांच्या तोंडात दोन बोटंही जायची नाहीत. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. सुपारीने गालाची आतली बाजू पांढरी पडलेली, बोटाने चाचपली तर ताणलेल्या दोरीसारखे पट्टे लागायचे. तिखटाचा घास घेतला की डोळ्यांत पाणी. सुरुवातीला माझा आरसा आतच जायचा नाही आणि मीच रडकुंडीला यायचे. 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, तरी माझ्या खुर्चीत आजही अशी तोंडं येतात. मशेरी लावणाऱ्या बायका येतात, तंबाखूची गोळी गालात धरून झोपणारे आजोबा येतात. कोणत्या पांढऱ्या डागाला थांबायचं आणि कोणाला त्याच दिवशी बायोप्सीला पाठवायचं हे मी त्या गर्दीत शिकले. तिथे एसी नव्हता. हॉस्टेलचं पाणी सकाळी लवकर जायचं. सांगायलाही मी विसरले असते, तू पाण्याचा रकाना केलायस म्हणून आठवलं.

आता दुसरी बाजू. पुढे मी काही काळ एका खाजगी कॉलेजात शिकवत होते. तिथे तपासणीच्या दिवशी ओपीडी भरायची आणि दुसऱ्या दिवशी पोरं पेशंट शोधत फिरायची. प्रत्येकाला ठरावीक केसेस कराव्या लागतात, तो कोटा पूर्ण करायला आत्याला आण, हॉस्टेलच्या वॉचमनला आण, चहावाल्याला रिक्षाचं भाडं देऊन आण. एका चांगल्या, कष्टाळू मुलीने शेवटच्या वर्षी कवळीच्या केससाठी स्वतःच्या आजोबांना रात्रभराच्या प्रवासाने आणवलं होतं. तिच्या हुशारीत काही कमी नव्हतं. तिला माणसंच मिळाली नाहीत, आणि त्याचा मला आजही राग येतो.

खाजगी म्हणजे वाईट असं मात्र डोक्यात घेऊ नकोस. ज्यांच्याशी मोठं जनरल हॉस्पिटल जोडलेलं आहे, किंवा जी खेड्यापाड्यांतून रोज बसने पेशंट आणतात, अशी काही खाजगी कॉलेजं गर्दीने गजबजलेली असतात. मुंबईचं शासकीय, महापालिकेचं नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर ही नावं यादीत वर असायला हवीत असं मला वाटतं, कारण तिथे माणसं येतात. पण माझं ऐकून लिहू नकोस. जाऊन बघ.

आणि कसं बघायचं तेही सांगते, कारण तू ऑफिसात जाऊन माहितीपत्रक घेऊन परत येशील. साध्या दिवशी जा, मंगळवार-बुधवार. शिबिर असेल त्या दिवशी जाऊ नकोस. दहा वाजता बाकावर पेशंटसारखी बस. यूजी, म्हणजे बीडीएसच्या मुलांच्या, क्लिनिकमधल्या किती खुर्च्या भरलेल्या आहेत बघ. पेशंट खरे आहेत की विद्यार्थ्यांच्या ओळखीचे, ते त्यांच्या गप्पांवरून लगेच कळतं. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठ, प्राध्यापकांना नाही. त्यांना विचार: कोटा वेळेत होतो का? पेशंट स्वतः आणावे लागतात का? अवघड दाढ आली की इंटर्नला हात लावू देतात, की पीजी, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थी, घेऊन जातात? पीजी असणं चांगलंच, त्यांच्यामुळे अवघड केसेस बघायला मिळतात, पण तुझ्या वाट्याला फक्त सक्शन धरणं येत असेल तर उपयोग नाही. इंटर्नना स्टायपेंड हातात मिळतो का हेही विचार. आणि स्टरिलायझेशनच्या खोलीत डोकाव. ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) चालू असेल आणि हत्यारांच्या पाऊचवर तारखा असतील तर तिथे काम होतंय.

दुपारी दोन वाजता जाऊन “ओपीडी रिकामी होती” असं मला कळवू नकोस. दहा वाजता म्हणजे दहा वाजता.

यादीचा क्रम मागच्या कटऑफकडे बघून लावलायस, तोही बदल. कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, तुझ्या मेरिटनुसार, तू लिहिलेल्या क्रमाने वरून खाली बघत जागा देतात. अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालच्या कॉलेजातली तुझी संधी जात नाही. तेव्हा खरी इच्छा वर लिही आणि जिथे जायचंच नाही ते नाव टाकूच नकोस. एखाद्या फेरीत कॉलेज मिळाल्यावर ती जागा ठेवायची की पुढच्या फेरीत जायचं याचे नियम यंदाच्या माहिती पुस्तिकेतून वाच, मामाच्या आठवणीतून नको. बाबांना एवढं सांग की 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका.

तू विचारलंस, बीडीएसनंतर एमडीएसचं पदव्युत्तर शिक्षण केलं नाही याचं मला वाईट वाटतं का. वाटतं. वेडेवाकडे दात घेऊन एखादं पोर येतं आणि मला ते ऑर्थोकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवावं लागतं तेव्हा वाटतं. घरी तेव्हा आणखी तीन वर्षं शिकवण्यासारखी परिस्थिती नव्हती, धाकट्या भावाचं शिक्षण बाकी होतं. पण या तालुक्यात मी नुसत्या बीडीएसवर क्लिनिक उभं केलं, आणि रात्री दोन वाजता गाल सुजलेला माणूस माझं दार वाजवतो तेव्हा तो माझ्या पाटीवरची अक्षरं मोजत नाही. माझे वर्गमित्र म्हणतात, तू तालुक्यात अडकलीस. मी अडकले नाही. त्या ओपीडीने मला इतकं दिलं होतं की पहिल्या दिवसापासून एकटीने काम करायची मला भीती वाटली नाही, आणि ज्यांची ओपीडी रिकामी होती त्यातल्या काहींना मी एमडीएसनंतरही दाढ काढताना घाबरलेलं पाहिलंय. तुला एमडीएस करायचं असेल तर जरूर कर. नीट-एमडीएसचा अभ्यास कुठल्याही खोलीत बसून होतो. हात मात्र कॉलेजातच तयार होतो.

मैत्रिणीचं राहिलं. ती पुण्याला जाऊ दे, फोन आहेत.

बाबांशी मी रविवारी बोलते, ते माझं ऐकतात. तू तोवर रेल्वेचं तिकीट काढ. संभाजीनगर आणि नागपूर एकाच फेरीत होईल. नागपूरला माझी एक विद्यार्थिनी इंटर्न आहे, तिचा नंबर पाठवते. ती तुला तिच्या पोस्टिंगवर घेऊन जाईल. केस बांध, पायात बंद बूट घाल, आणि ती सांगेल तिथे उभी राहा.

तुझी,
काकू