‘सेंट जॉन इन द वाइल्डरनेस’ मधल्या वाइल्डरनेसला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की धरमशालाला मॅक्लोडगंजच्या वाटेवर जे जुनं दगडी चर्च आहे त्याचं नाव ‘सेंट जॉन इन द वाइल्डरनेस’, तर प्रवासवर्णनात त्याचं मराठी ‘जंगलातलं सेंट जॉन चर्च’ असं केलं तर चालेल का, कारण आजूबाजूला देवदारांचं जंगलच आहे.

माझं मत, नको. देवदार आहेत हे खरं, आणि त्यामुळे नाव त्या जागेला शोभतं हेही खरं, पण नावातला वाइल्डरनेस हिमाचलातला नाहीये, तो बायबलमधल्या, जॉर्डन नदीजवळच्या यहूदियातला आहे. हा जॉन म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, जो अंगात उंटाच्या केसांचं वस्त्र घालून, टोळ आणि रानमध खाऊन ओसाड माळावर राहायचा आणि तिथूनच लोकांना हाका मारायचा. मराठी बायबलमध्ये ह्या जागेला सरळ ‘अरण्य’ म्हटलंय. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातली ती अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी, ती म्हणजे हाच योहान असं शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, सांगितलंय. म्हणजे वाइल्डरनेस हे विशेषण योहानाचं आहे, इमारतीचं नाही. चर्चच्या रंगीत काचांच्या खिडकीतही हाच योहान आहे, व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिनच्या बायकोने, लेडी एल्गिनने दिलेली बेल्जियमची काच. (आपल्या कुलाब्याचं अफगाण चर्चपण सेंट जॉनचंच, पण तो दुसरा योहान, शुभवर्तमान लिहिणारा. पुष्कळ जण दोघांना एक करून टाकतात.)

आता कोणी म्हणेल जॉर्डन नदीजवळच्या त्या रखरखीत भागात झाडं कुठली, मग अरण्य कसं काय? तर अरण्य ह्या शब्दात झाड मुळात नाहीच. संस्कृतात ‘अरण’ म्हणजे लांबचं, परकं, त्यावरून अरण्य, म्हणजे गावाची हद्द संपल्यावर जे सुरू होतं ते. वैदिक वाङ्मयात ग्राम आणि अरण्य अशी जोडीच आहे, पशूसुद्धा ग्राम्य आणि आरण्य. आणि हा जुना अर्थ आपण आजही बोलतो बरं का, कारण आपलं ‘रान’ हे त्याच अरण्यावरून प्राकृतातून घासून आलंय. गावाकडे कुणी ‘बापू रानात गेलाय’ म्हटलं की बापू शेतावर गेलाय, वाघ मारायला नाही! रान म्हणजे घरांच्या पलीकडचं सगळं, पडीक रान असो नाहीतर ज्वारीचं. बायबलच्या मराठीत टोळांच्या शेजारी ‘रानमध’ किती चपखल बसलाय बघा.

आणि जंगल? हा तर फारच मजेशीर शब्द. संस्कृतात जांगल म्हणजे कोरडा, कमी पावसाचा, विरळ झाडीचा प्रदेश. आयुर्वेदात देशाचे प्रकार सांगितलेत त्यात जांगल हा कोरडा आणि आनूप हा पाणथळ, आणि बिकानेरच्या बाजूच्या मुलखाला जांगलदेश म्हणायचे, म्हणजे वाळवंटच. नंतर अर्थ पालटत पालटत गर्द झाडीवर आला. तेव्हा जुन्या अर्थाने घेतलं तर योहान जांगल प्रदेशातच होता, पण आज जंगल म्हटलं की वाचकाला देवदारच दिसणार आणि योहान गायब होणार, म्हणून तो शब्द टाळा असं म्हणतोय.

इंग्रजी शब्दाचीही गंमत सांगून टाकतो. वाइल्डरनेसमध्ये ‘डिअर’ दडलाय, पण जुन्या इंग्रजीत डिअर म्हणजे कुठलंही जनावर, हरीण हा अर्थ नंतर उरला. आपल्याकडे मृगाचं अगदी हेच झालंय, नाहीतर सिंह मृगराज आणि माकड शाखामृग कसं झालं असतं.

ह्याच नावाचं चर्च नैनितालला पण आहे, त्या भागात आधी रानच होतं, आणि 18 सप्टेंबर 1880 च्या दरडीत 151 माणसं गेली त्यांची आठवण म्हणून तिथे पितळी फलक लावलाय. धरमशालाचं चर्च 1852 चं. 4 एप्रिल 1905 ला कांगड्याचा भूकंप झाला, वीसेक हजार माणसं मेली, गावच्या गावं बसली, ह्या चर्चचा घंटेचा मनोरा पडला पण बाकीची भिंतीची चौकट टिकली, आणि मनोरा परत बांधलाच नाही. म्हणून 1915 साली लंडनमध्ये ओतलेली घंटा आजही बाहेर आवारात वेगळी टांगलेली दिसते, तिला फोटोत घेतलंत तर खाली हे जरूर लिहा. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन 1863 मध्ये धरमशालालाच वारला, त्याची कबर त्याच आवारात आहे.

तर लेखात नाव आहे तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘अरण्यातला योहान’ असं एकदा लिहा, ‘रानातला योहान’ लिहिलंत तर मला तरी जास्त आवडेल. आणि ‘अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाचं) चर्च आहे’ असं न लिहिता ‘अँग्लिकन लोकांनी बांधलेलं’ असं लिहा, कारण 29 नोव्हेंबर 1970 ला आपल्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हापासून उत्तरेतले अँग्लिकन त्यात सामील झालेत, हे चर्चही त्यांच्याचकडे आहे.